मेजर-मायनर निवडताय? आधी टीवायचा सिलॅबस उघडा

जून-जुलै आला की कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या टेबलावर मी बसलेली असते आणि दर वर्षी एकच गोष्ट बघते, की जी निवड पुढची दोन-तीन वर्षं आणि त्याच्याही पुढचं बरंच काही ठरवणार आहे ती पोरं उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकतात. "मॅडम मेजरला काय टाकू?" असं मलाच विचारतात. मागून मैत्रीण म्हणते अगं सायकॉलॉजी टाक ना, मी पण तेच टाकलंय, की झालं, टाकलं. मग ऑक्टोबरमध्ये हीच मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येते, मॅडम विषय बदलता येईल का. तोपर्यंत तारीख गेलेली असते. हे फार वेळा बघितलंय म्हणून सविस्तर लिहितेय, जरा लांबेल पण वाचा, आणि घरी आईवडलांनाही दाखवा.

आधी नेमकं निवडायचं काय असतं ते. नवीन शैक्षणिक धोरण, म्हणजे एनईपी, केंद्राने २९ जुलै २०२० ला मंजूर केलं आणि आपल्याकडे महाराष्ट्रात ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ पासून, बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ते डिग्रीला लागू झालं. तीन वर्षांची डिग्री १२० ते १३२ क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, त्याचा हिशेब पुढे देते), चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. यातला साधारण निम्मा भाग तुमचा मेजर खातो. मायनर १८ ते २० क्रेडिटचा, आणि तो पहिल्या तीन वर्षांतच संपवायचा असतो. आईवडलांना सांगायचं तर त्यांच्या वेळी ज्याला "स्पेशल विषय" म्हणायचे तो म्हणजे ढोबळमानाने आताचा मेजर. इकॉनॉमिक्स स्पेशल, मराठी स्पेशल म्हणायचो ना आपण, तेच. मायनर म्हणजे दुसरा विषय, पण नुसता सोबतीला नाही, त्याचाही नीट अभ्यास होतो आणि मार्कशीटवर तो दिसतो.

याशिवाय ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ओई असतं, तेही १० ते १२ क्रेडिटचं, आणि ते तुमच्या मेजरच्या फॅकल्टीबाहेरचंच घ्यावं लागतं. आर्ट्सवाल्याने सायन्स किंवा कॉमर्सच्या बास्केटमधून घ्यायचं, असं. मायनरला ती सक्ती नाही, मायनर त्याच फॅकल्टीतला दुसरा विषयही चालतो किंवा वेगळ्या फॅकल्टीतलाही, फक्त तुमचं कॉलेज कुठली जोडी देतं त्यावर सगळं अवलंबून. बाकी व्हीएससी आणि एसईसी म्हणजे कौशल्याचे कोर्स, एईसी म्हणजे भाषेचे, भारतीय ज्ञान प्रणाली वगैरे जे काही आहे त्यात निवडीला फार वाव नसतो, त्यामुळे त्याची काळजी आत्ता नको.

आता महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी बीए आणि बीएस्सीला पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने घ्यायचे असतात, आणि एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, जाताना त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा आणि तिसरा सोडायचा. म्हणजे खरी निवड बारावीनंतरच्या त्या गर्दीत होतच नाही, ती एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष, संपताना होते. पण एफवायला जे तीन घेतले त्याच्या बाहेरचा विषय मग मेजर म्हणून मिळणं अवघड, म्हणून ते तीनही विचार करून घ्या. काही विद्यापीठांत आणि ऑटोनॉमस कॉलेजांत मात्र मेजर पहिल्या दिवसापासूनच ठरलेला असतो. तुमच्याकडे कुठली पद्धत आहे हे प्रॉस्पेक्टसमध्ये बघा, नाहीतर सरळ ऑफिसमध्ये जाऊन विचारा, सिनियरच्या सांगण्यावर राहू नका कारण त्याचा पॅटर्न वेगळा असू शकतो, पॅटर्न अलीकडे बदललेत.

निवडायचं कसं, तर माझं एकच सांगणं आहे आणि ते मी वर्गात दर वर्षी सांगते. विषयाचं नाव बघू नका, एफवायचं पुस्तकही बघू नका, तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे टीवायचा, सिलॅबस उघडा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर तो पीडीएफमध्ये असतो, फुकट. पहिलं वर्ष प्रत्येक विषयाचं गोड असतं, ओळख असते, सोपं सोपं असतं. विषयाचं खरं रूप पाचव्या-सहाव्या सेमला कळतं आणि तोपर्यंत परतीची वाट बंद झालेली असते.

माझ्याच विषयाचं सांगते. मी भूगोल शिकवते. मुलांना वाटतं भूगोल म्हणजे देश, नद्या, नकाशे, पाठांतर केलं की झालं. पुढे गेल्यावर येतं सर्वेक्षण, नकाशाशास्त्र, सांख्यिकी, जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवरचे नकाशे, रिमोट सेन्सिंग म्हणजे उपग्रहाच्या चित्रांचा अभ्यास. प्रॅक्टिकल असतं, जर्नल असतं, उन्हात उभं राहून मोजमाप करायचं असतं, आणि फिल्डवरून आल्यावर अहवाल लिहायचा असतो. ज्यांना हे आवडतं ती पोरं अशी फुलतात की बघत राहावं, एक मुलगा होता, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसायचा, त्याने टीवायला स्वतःच्या गावातल्या विहिरींचा नकाशा कॉम्प्युटरवर तयार केला आणि त्या दिवशी तो पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलला. आणि ज्यांनी फक्त "सोपा विषय" म्हणून घेतलेला असतो ती सांख्यिकीच्या पहिल्याच तासाला माझ्याकडे अशी बघतात की मलाच वाईट वाटतं.

सायकॉलॉजी म्हटलं की मन समजून घेणं, लोकांशी बोलणं एवढंच डोळ्यासमोर येतं, पण त्यात मानसशास्त्रीय चाचण्या आहेत, प्रयोग आहेत, स्टॅटिस्टिक्स आहे, आणि समुपदेशक किंवा क्लिनिकलकडे जायचं तर एमए आणि त्यापुढचं शिक्षण लागतंच. मराठी गोष्टी-कविता आवडतात म्हणून घेतात, छान आहे, पण साहित्यविचार आहे, रस आणि ध्वनीचे सिद्धांत आहेत, भाषाविज्ञान आहे, स्वनिम रूपिम आहेत, आणि हे सगळं कवितेइतकंच मराठी आहे. इतिहासात इतिहासलेखनशास्त्र येतं, म्हणजे अमुक राजाने काय केलं एवढ्यावर भागत नाही, ते आपल्याला कुठून कळलं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हे शिकायचं. इकॉनॉमिक्सला आकृत्या आणि गणित टळत नाही. फिजिक्स घेणाऱ्याला गणिताची पक्की बैठक नसेल तर क्वांटमला फार त्रास होतो. बॉटनीला मायक्रोस्कोपखाली छेद घेत तासन् तास बसायची सवय लागते. मी घाबरवत नाहीये. प्रत्येक विषयात एक कंटाळवाणा, कष्टाचा भाग असतो आणि तो भाग तुम्हाला झेपतो का, जमलं तर आवडतो का, हे बघायचं. गोड भाग सगळ्यांनाच आवडतो.

म्हणून एक काम करा, दोन संध्याकाळी लागतील. डोक्यात असलेल्या दोन-तीन विषयांचे टीवायचे सिलॅबस आणि जुने प्रश्नपत्रिकेचे संच काढा, लायब्ररीत मिळतात. प्रश्न वाचा. उत्तर येणार नाही हे उघड आहे, पण वाचताना "याचं उत्तर काय असेल बरं" असं वाटतंय का हे बघा. ज्या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत निदान चार-पाच प्रश्नांना तसं वाटलं तो विषय तुमच्या जवळचा समजा. मग लायब्ररीतून त्यातलं एक पुस्तक घ्या आणि मधलंच एखादं प्रकरण वाचा, पहिलं नको. आणि जमलं तर एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, विचारून टीवायच्या एखाद्या लेक्चरला मागे जाऊन बसा. आम्ही कोणी नाही म्हणत नाही, उलट आनंद होतो, पण विचारायला कोणी येतच नाही.

वेळेचं गणितही करा. थिअरीचे १५ तास म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकलचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. म्हणजे ४ क्रेडिटची थिअरी ६० तासांची आणि नुसतं २ क्रेडिटचं प्रॅक्टिकलही ६० तासांचंच. मेजर आणि मायनर दोन्ही प्रॅक्टिकलवाले घेतले तर दुपार पूर्ण कॉलेजात जाणार. ज्यांना अर्धवेळ काम करून शिकायचंय, ज्यांची शेवटची एसटी साडेचारला आहे, त्यांनी हे आधी बघावं. बीएलाही भूगोल आणि सायकॉलॉजीला प्रॅक्टिकल असतं हे कित्येकांना वर्ग सुरू झाल्यावर कळतं.

अजून एक गोष्ट, जी प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलेली नसते. त्या विभागात कायमचे शिक्षक किती आहेत ते विचारा. अनेक कॉलेजांत विभाग तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासागणिक मानधन घेणाऱ्या, शिक्षकांवर चालतो, ती माणसं मनापासून शिकवतात, मी स्वतः कित्येक वर्षं तशीच शिकवत होते, पण नेमणुका उशिरा झाल्या की तास उशिरा सुरू होतात आणि त्याचं नुकसान मुलांना सोसावं लागतं. आणि एखाद्या मेजरला पोरंच कमी आली तर कॉलेज ती तुकडी चालवेलच असं नाही. हे दोन प्रश्न विचारायला लाजू नका, तुमचा हक्क आहे तो.

आता पुढे काय करायचंय त्यावरून उलटं येऊन बघा. एमए-एमएस्सीला बहुतेक ठिकाणी तोच विषय डिग्रीला असावा लागतो, काही ठिकाणी मायनर चालतो, काही ठिकाणी नाही, ज्या दोन-तीन विद्यापीठांत जायची इच्छा आहे त्यांची पात्रता आत्ताच वाचून ठेवा. शिक्षक व्हायचं असेल तर बीएडच्या मेथड विषयांसाठी, म्हणजे जे शिकवायचं प्रशिक्षण घेता त्या विषयांसाठी, पदवीचे विषय बघितले जातात, त्यामुळे मेजर आणि मायनर दोन्ही शाळेत शिकवले जाणारे असले तर बरं पडतं. स्पर्धा परीक्षेवाल्यांमध्ये एक मोठा गैरसमज आहे की पॉलिटिकल सायन्स किंवा हिस्ट्रीच घ्यावी लागते. राज्यसेवेला किंवा यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसला कुठलीही डिग्री चालते, आणि एमपीएससीनेही मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक करून वैकल्पिक विषयाचे दोन पेपर ठेवलेत, तो विषय डिग्रीचाच हवा असं काही नाही. पण डिग्रीला जो विषय तीन वर्षं मन लावून केलाय तोच वैकल्पिक घेतला तर केवढे कष्ट वाचतात ते बघा. त्यामुळे आवडीचा मेजर घेणं इथेही फायद्याचंच.

काही परीक्षांना मात्र विषय लागतोच. इंडियन फॉरेस्ट सर्व्हिसला बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्स, स्टॅट्स, जिऑलॉजी, पशुवैद्यक यातला किमान एक विषय डिग्रीला पाहिजे किंवा मग अ‍ॅग्री, फॉरेस्ट्री, इंजिनिअरिंगची डिग्री पाहिजे. जंगलात काम करायचं स्वप्न आहे आणि बीए भूगोल केलं असं एका मुलाचं झालं, फार हुशार मुलगा, त्याला हे टीवायला कळलं. त्या दिवसाची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो, कारण एफवायला कोणीतरी त्याला पाच मिनिटं दिली असती तर पुरे होतं. तसंच इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला पदवीला स्टॅट्स हा एक विषय लागतो. तेव्हा जाहिरात स्वतः डोळ्यांनी वाचा, पात्रतेचा परिच्छेद पूर्ण वाचा, क्लासवाल्यांच्या पोस्टरवरून ठरवू नका.

मायनरबद्दल वेगळं सांगायला हवं कारण सगळे त्याला उरलासुरला विषय समजतात. मायनर असा घ्या जो मेजरच्या हातात काहीतरी देतो. भूगोलाला स्टॅट्स किंवा इकॉनॉमिक्स, मराठीला हिंदी, इंग्रजी किंवा इतिहास, केमिस्ट्रीला बॉटनी, इकॉनॉमिक्सला मॅथ्स मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. किंवा दुसरा मार्ग, मेजर पोटासाठी आणि मायनर मनासाठी. एक मुलगी होती, घरच्यांनी कॉमर्सच करायला लावलं होतं, तिच्या कॉलेजात इतर फॅकल्टीतला मायनर मिळत होता, तिने मराठी घेतलं, आणि त्या एका विषयाच्या जोरावर तिची बाकीची तीन वर्षं सुसह्य झाली असं ती स्वतः सांगते. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. फक्त "ज्यात मार्क सैल पडतात" एवढ्या एका कारणावर मायनर घेऊ नका, २० क्रेडिट म्हणजे काही थोडे तास नव्हेत.

चौथ्या वर्षाचा विचार असेल तर तोही मेजर ठरवतानाच करा. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि रिसर्चसह ऑनर्स करायचं तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात पहिल्या सहा सेमला ७५ टक्के किंवा जास्त लागतात. चार वर्षं केली तर पुढे पीजी एका वर्षात होऊ शकतं. पण तुमच्या कॉलेजात त्या मेजरचं चौथं वर्ष आहे का, नसेल तर जवळ कुठे आहे, हे विचारून घ्या.

घरच्यांचं काय करायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. बाबा म्हणतात या विषयाने काय होणार. माझा अनुभव असा की नुसतं "मला आवडतं" म्हणून वाद घातला की बाबा हट्टाला पेटतात, पण तोच सिलॅबस, पुढच्या कोर्सेसची यादी, कुठल्या परीक्षांना तो विषय चालतो त्याचे कागद समोर ठेवले की आवाज खाली येतो. त्यांची भीती खरी असते, त्यांनी पैसे कसे उभे केलेत ते त्यांना माहीत असतं. कागद घेऊन बसा. तरी नाही जमलं तर वर्गशिक्षकांना सांगा, आम्ही फोन करतो, घरच्यांना बोलावून समजावतो, हे काम आम्ही आनंदाने करतो.

आता फॉर्मचं, म्हणजे जिथे ठरवलेलं सगळं पाण्यात जाऊ शकतं. एफवायचा दुसरा सेम संपत आला की कॉलेज मेजर-मायनरचे पसंतीक्रम मागवतं, नोटीस बोर्डावर लागते आणि वर्गाच्या ग्रुपवर येते. मुदत छोटी असते, आणि नेमके त्याच वेळी पेपर नाहीतर सुट्टी चालू असते. गावाला गेला असाल तरी ग्रुप म्यूट करू नका. जागा मर्यादित असतील तर बहुतेक ठिकाणी एफवायच्या मार्कांवर किंवा सीजीपीएवर (ग्रेडच्या सरासरीवर) वाटप होतं, म्हणून ज्या विषयाचं मेजर हवंय त्यात केटी, म्हणजे नापास राहिलेला पेपर, राहू देऊ नका आणि पहिल्या सेमपासूनच त्याकडे लक्ष द्या. पसंतीक्रमात दुसरा आणि तिसरा पर्यायही विचार करून भरा, मोकळा सोडू नका आणि भरायचा म्हणूनही भरू नका, कारण तोच मिळू शकतो.

फॉर्म नेट कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तर शेजारी बसा आणि सबमिट करायच्या आधी प्रत्येक विषयाचं नाव आणि कोड स्वतः वाचा. एकाच नावाचे पेपर मेजरचे वेगळ्या कोडने आणि मायनरचे वेगळ्या कोडने असतात, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. सबमिट केल्यावर प्रिंट काढा, एचओडींची सही लागत असेल तर घ्या, ऑफिसात दिली की आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागायला संकोच करतात मुलं, करू नका, क्लार्क रागावत नाहीत. एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट बँकेतल्या तुमच्या खात्याचा नंबर, काढलेला नसेल तर डिजिलॉकरवरून काढून ठेवा, तुमचे क्रेडिट तिथेच जमा होतात, आणि त्यातलं नाव मार्कशीटवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही बघा, आईचं नाव किंवा आडनाव पुढेमागे असलं तरी नंतर खेटे घालावे लागतात.

चुकीचा विषय निवडला असं वाटलं तर एसवायच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हालचाल करा. विषय बदलाचा अर्ज प्राचार्यांच्या नावाने असतो, दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागतात, आणि विद्यापीठाने दिलेल्या तारखेच्या आत तो झाला तरच उपयोग. "बघू, एक सेम काढू" असं म्हणणाऱ्यांचंच नंतर अवघड होतं. आणि अर्ज देण्याआधी त्या विषयाच्या दोन-चार तासांना बसून या, कधी कधी विषय वाईट नसतो, एखादा आठवडा वाईट असतो.

तिसरा विषय सोडावा लागतो तेव्हा काही मुलांना खरंच वाईट वाटतं. तो पूर्ण सुटतो असं नाही. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर त्या विषयाचे कोर्स असतात, कॉलेजने मान्यता दिली तर त्याचे क्रेडिट डिग्रीत धरता येतात, त्यासाठी सेम सुरू व्हायच्या आधी विचारावं लागतं.

शेवटची तपासणी तिसऱ्या सेमच्या परीक्षेच्या फॉर्मची. तिथे जे विषय कोड असतात तेच हॉल तिकिटावर येतात आणि तेच मार्कशीटवर. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मेजर आणि मायनर तिथे उलटा झाला होता, वर्षभर ती मेजरच्या तासांना बसली आणि कागदावर तो तिचा मायनर होता. तिच्याकडे पोच असलेली प्रत होती, म्हणून आठ दिवसांत दुरुस्त झालं. ती प्रत फाइलमध्ये ठेवा, फोटो काढून ईमेलला पाठवून ठेवा, आणि सहाव्या सेमचा निकाल हातात येईपर्यंत टाकू नका.